गीझरची कॉइल चिकटली होती, तरी टाकी वाचली: केसनंद फाट्याजवळच्या मेकॅनिक काकांचं काम

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत पाणी बोअरचं आणि टँकरचं. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, बादलीच्या कडेला हात लावला तर खरखरीत लागते. अशा पाण्यावर आमचा २५ लिटरचा गीझर नऊ वर्षं चालला. दिवाळीनंतर एका सकाळी बटण लावलं की ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, पडायला लागला. घरात सासूबाई अंथरुणावर आहेत. त्यांचं अंग रोज गरम पाण्याने पुसावं लागतं, म्हणून हे काम उद्यावर ढकलण्यासारखं नव्हतं.

आधी कंपनीचा माणूस आला. त्याने खालचं झाकण काढलं, एका नटाला फिक्स पाना लावून जोर दिला, पाना घसरला आणि नटाच्या कडा गोल झाल्या. "कॉइल निघत नाही, नवीन गीझर घ्या," असं सांगून व्हिजिटचे पैसे घेऊन तो गेला. टाकी कुठेही गळत नव्हती. चांगली टाकी एका नटापायी भंगारात का घालायची, हे मला पटेना. शेवटी बी विंगमधल्या वहिनींनी या काकांचा नंबर दिला.

काका आले ते ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांनी, फोनही न करता. हे मला आवडलं नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं. पण कामाला बसल्यावर मात्र त्यांनी अजिबात घाई केली नाही. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच, खाली केला, टेस्टर लावून बघितला, वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घेतला. टाकी रिकामी करायला पाऊण तास लागला, कारण तळाच्या गाळामुळे पाणी करंगळीएवढ्या धारेनेच येत होतं.

आमच्या गीझरला खालून फ्लँज, म्हणजे कॉइल जिच्यावर बसते ती धातूची चकती, आहे, सहा नटांवर बसवलेली. नट ज्या स्टडवर बसतात ते टाकीलाच वेल्ड केलेले. "ताई, नट तुटला तर दहा रुपयांचा. स्टड तुटला तर टाकी गेली," असं म्हणून त्यांनी तारेच्या ब्रशने सगळे नट घासले, प्रत्येकावर गंज सोडवणारं तेल मारलं आणि चक्क निघून गेले. म्हणाले, तेल रात्रभर मुरू दे.

दुसऱ्या दिवशी दहाचा रिंग पाना घेतला आणि पहिल्यांदा नट सोडवायच्या उलट दिशेला, म्हणजे घट्ट करायला, अगदी केसभर फिरवला. बारीक टक् असा आवाज आला. मग सोडवला. परत थोडा आवळला, परत सोडवला. असे चार निघाले. पाचव्याला त्यांनी मोठा सोल्डरिंगचा गन टेकवून चार-पाच मिनिटं धरला, म्हणजे फक्त नट तापून फुगेल, पाणी गळू नये म्हणून मधे बसवलेल्या रबरी गॅस्केटला झळ लागणार नाही. तो निघाला. सहावा म्हणजे कडा गोल झालेला. तो हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने, हातात फडकं गुंडाळून, एका बाजूने चिरला. पातं स्टडच्या आट्यांना टेकायच्या आत थांबवलं आणि उरलेलं छोट्या छन्नीने उकललं. हे बघताना मी चहा गॅसवर विसरले होते.

एवढं करून फ्लँज दोन बोटं खाली आली आणि अडकली. अडचण नटांची नव्हतीच फक्त. कॉइलवर क्षार इतका चढला होता की ती ज्या भोकातून आत गेली त्याच भोकातून बाहेर येईना. इथे पकडीने ओढणारा माणूस असता तर कॉइल आत तुटून पडली असती. काकांनी ती परत वर ढकलली, चार नट हाताने लावले, आणि इनलेटला नळी जोडून, स्टुलावर चढून, नरसाळ्याने लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी आत सोडलं. साधारण आठ लिटर, म्हणजे तळाचा भाग बुडेल एवढं. टाकीला कान लावला तर आत फसफस ऐकू येत होती. बाथरूमचं ॲसिड का नाही, विचारलं. ते क्षारही खातं आणि लोखंडही खातं, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कॉइल हलक्या हाताने बाहेर आली. अर्धी बादली पांढरा चुरा आणि खपल्या निघाल्या, काही अंड्याच्या टरफलासारख्या वळलेल्या. वळणाजवळ कॉइलच्या आवरणाला चीर होती, म्हणूनच ईएलसीबी पडत होता. क्षाराने बिल वाढतं असं मी समजत होते. काकांनी सांगितलं की कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, पण थराखाली कॉइल स्वतः फार तापते आणि फाटते. मॅग्नेशियमचा रॉड तर नुसती तार उरला होता. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो, हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

जुनी कॉइल नमुन्याला घेऊन माझा मुलगा पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेला. दोन किलोवॅटची, त्याच मापाच्या फ्लँजची कॉइल ६५० रुपयांना मिळाली, रॉड आणि गॅस्केट मिळून ४२०. काकांनी नवी कॉइल बसवण्याआधी मीटर लावून दाखवला: २६ ओम. मीटरचं एक टोक कॉइलला आणि दुसरं तिच्या धातूच्या बॉडीला लावलं तर मात्र काहीच जोड दिसायला नको, आणि तसा दिसला नाही. गॅस्केट बसते ती जागा खरवडून साफ केली, नट समोरासमोर थोडे थोडे आवळले. गरम नळातून पाण्याची भरीव धार येईपर्यंत बटणाला हात लावू दिला नाही. मजुरी ९०० रुपये, तीन खेपांची. मला ती कमीच वाटली.

एक तक्रार आहे आणि ती लिहिते. टाकी रिकामी करताना लिंबूसत्त्वाचं पाणी आमच्या संगमरवरी उंबऱ्यावर सांडलं. क्षार विरघळवतं ते संगमरवरही विरघळवणारच. तळहाताएवढा भाग निस्तेज झाला आहे आणि पॉलिशशिवाय जाणार नाही. खाली जाड फडकं टाकायला हवं होतं. काकांनी चूक मान्य केली, मजुरीतले १०० रुपये कमी घ्यायला तयार होते. मी पूर्ण दिले. तुम्ही बोलावलंत तर उंबरा आधी झाकून ठेवा, आणि सकाळचं काम असेल तर निघण्यापूर्वी त्यांना फोन करायला लावा.

आता टाकी अर्ध्या तासात तापते. थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला ठेवू नका, जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त धरतो, असं ते बजावून गेले. जाताना खालच्या झाकणावर मार्करने कॉइल बदलल्याची तारीख लिहिली, आणि तिच्याखाली रॉड बघायची दोन वर्षांनंतरची.