तांबं मोजायचं छोटं यंत्र: हॅनाचा एचआय ७०२ कॉपर चेकर, सहा महिने वापरल्यानंतर

ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे आणि ज्यांनी 'क्वारंटाइन केलेलाच मासा आहे, बिनधास्त सोडा' हे वाक्य दुकानात ऐकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी ते ऐकलं, पावडर ब्लू टँग थेट मोठ्या टँकमध्ये सोडला, आणि आठव्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. इच, म्हणजे माशांच्या अंगावर जगणारा परजीवी. तो तर गेलाच, पण क्लाउन माशांची जोडी उपचारासाठी बाहेर काढून, उरलेला परजीवी उपाशी मरावा म्हणून मोठा टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा लागला.

क्लाउन गेले ७५ लिटरच्या, बुडाशी वाळू नसलेल्या टँकमध्ये. आत स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो, बस. इचवरचं औषध म्हणजे पाण्यात विरघळलेलं तांबं, आणि वाळू किंवा खडक ठेवला तर तो ते शोषून घेतो. औषध कॉपर पॉवर, पातळी २.५ पीपीएम (दहा लाख भागांत अडीच भाग). कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा खाणं सोडतो. आणि ही पातळी मी आधी मोजत होते रंगाच्या कार्डावर! ट्यूबलाइटखाली निळ्याच्या दोन छटा, एक २ ची, एक ४ ची. नवरा म्हणे ही, मी म्हणे ती. या भांडणातून हा चेकर घरात आला.

काम सोपं आहे. काचेच्या कुपीत १० मिली टँकचं पाणी घ्यायचं, पुसून आत ठेवायचं, बटण दाबून शून्य करायचं. मग त्याच कुपीत पावडरचं एक पाकीट टाकून हलवायचं, परत ठेवायचं आणि बटण दाबून धरायचं. ४५ सेकंद उलटी मोजणी होते आणि थेट आकडा दिसतो. पाणी जांभळट होतं, पण किती जांभळं हे ठरवायची जबाबदारी आपली नाही. कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा असेल तर आकडा चुकतो. मी चष्म्याचं फडकं त्याच्यासाठीच ठेवलंय.

खरा उपयोग कळला एप्रिलमध्ये. तीन दिवस वरून पाणी घालायचं राहिलं, खोलीत पंखा चालू. आकडा २.७६! पाणी उडून जातं, तांबं मागेच राहतं. सात लिटर साधं आरओचं पाणी घातलं, परत २.५ वर. कार्डावर हा फरक मला जन्मात दिसला नसता.

आणि धीर धरायला आकडा फार मदत करतो. चौथ्या दिवशी ठिपके गेले तेव्हा वाटलं, झालं! पण तो परजीवी मासा सोडून बुडाशी गेलेला असतो, तिथे कवच करून फुटतो, आणि पिल्लं पोहायला लागली की तेव्हाच तांबं त्यांना मारतं. म्हणून पूर्ण ३० दिवस. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, त्यांचं रोज मोजतेस, माझं बीपी कधी मोजणार?" त्या दिवसापासून दोन्ही मशिन्स एकाच ड्रॉवरमध्ये.

मर्यादाही सांगते. मोजमाप ०.०५ पीपीएम आणि वर पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. २.५ ला त्याने बिघडत नाही. पण औषध संपल्यावर पडद्यावर ०.०० दिसलं म्हणून त्या पाण्यात कोळंबी सोडायची नाही, तिला उरलंसुरलं तांबंही सोसत नाही. बारीक मोजायला त्यांचाच एचआय ७४७ वेगळा आहे. मी तो घेतला नाही, पाणी सरळ ओतून दिलं. माशाला फ्लूक, म्हणजे चपटे कृमी, असतील तर तांब्याचा उपयोग नाही, तिथे प्राझिक्वांटेल हे औषध. अमोनियासाठी टेस्ट वेगळीच ठेवा, आणि तांबं चालू असताना अमोनिया मारायची बाटली ओतू नका. त्यातल्या काहींमुळे तांबं माशाला जास्त विषारी होतं. त्यापेक्षा पाणी बदला, मात्र नव्या पाण्यात तांबं आधी मिसळून.

पाकिटं २५ची येतात आणि यंत्रापेक्षा तीच खिशाला लागतात. पहिला आठवडा मी रोज मोजलं, मग दिवसाआड.

क्लाउन मोठ्या टँकमध्ये परत गेलेत. ड्रॉवरमध्ये तीन पाकिटं उरलीत. दिवाळीनंतर यलो टँग आणायचाय, त्याआधी एक बॉक्स मागवते.