आयसीडी-१०-सीएममधले न्यूमोनियाचे कोड: जंतू कळला तर चोख, नाहीतर जे१८.९

अमेरिकेत वापरात असलेल्या आयसीडी-१०-सीएममध्ये (निदानांना कोड देणारी यादी, थोडक्यात 'सीएम') न्यूमोनियाचा मुख्य पसारा जे१२ ते जे१८ असा आहे. जंतू माहीत असेल तर ही मांडणी झकास चालते. विषाणूंचा न्यूमोनिया जे१२, न्यूमोकॉकसचा जे१३, हिमोफिलस इन्फ्लुएन्झाचा जे१४, बाकीचे बहुतेक जिवाणू जे१५. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मेथिसिलिनला दाद देणारा असेल तर जे१५.२११, न देणारा म्हणजे एमआरएसए असेल तर जे१५.२१२. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१०मध्ये हे दोन्ही जे१५.२ मध्येच कोंबलेत, त्यामुळे इथे सीएमला पैकीच्या पैकी गुण.

घोळ होतो तो जे१८.९ पाशी. नुसतं 'न्यूमोनिया' लिहिलं की हाच लागतो. समजा थुंकीच्या कल्चरमध्ये एमआरएसए आला, पण डॉक्टरांनी डिस्चार्ज समरीत तसं म्हटलेलं नाही. मग लॅबच्या रिपोर्टवरून कोडरने (नोंदी वाचून कोड लावणाऱ्याने) जे१५.२१२ टाकायचा नाही. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलासा विचारणारा प्रश्न, पाठवायची. डिस्चार्जच्या वेळी 'बहुधा एमआरएसए न्यूमोनिया' लिहिलं असेल, तर भरती रुग्णाला तो कोड देता येतो. ओपीडीत 'बहुधा' चालत नाही.

जे१८.१, म्हणजे लोबार न्यूमोनियाचा (फुप्फुसाचा अख्खा लोब, म्हणजे खंड, व्यापणारा) कोड, हा तर सापळाच आहे. 'उजव्या खालच्या लोबमध्ये न्यूमोनिया' म्हणजे 'लोबार न्यूमोनिया' नव्हे. डॉक्टरांनी 'लोबार' हे निदान लिहिलेलं नसेल तर जे१८.९ च.

व्हेंटिलेटरमुळे झालेल्या न्यूमोनियाला जे९५.८५१ आहे, पण रुग्ण व्हेंटिलेटरवर होता एवढ्यावर तो लावू नये. संबंध डॉक्टरांनीच जोडलेला हवा. जंतू दाखवायला सोबत बी९५ ते बी९७ मधला (फक्त जंतू सांगणारा) कोड द्यायचा, जे१२ ते जे१८ मधला नाही. रुग्णालयात लागलेल्या साध्या न्यूमोनियाला मात्र स्वतंत्र कोडच नाही: जे१८.९ ला वाय९५ ('आजार रुग्णालयात लागला' असं सांगणारा कोड) जोडून भागवावं लागतं. एवढ्या बारकाईच्या संचात ही उणीव खटकते.

शोधाशोधही बरीच. लीजिओनेला ए४८.१ मध्ये, न्यूमोसिस्टिस बी५९ मध्ये, अन्न किंवा उलटी श्वासनलिकेत गेल्याने झालेला जे६९.० मध्ये. म्हणून थेट जे१८ उघडू नये. आधी वर्णानुक्रमी सूची, मग मुख्य यादीत पडताळा आणि तिथल्या 'वगळा' टिपा (त्या कोडात काय धरायचं नाही ते सांगणाऱ्या). कोविडच्या न्यूमोनियासाठी १ जानेवारी २०२१ पासून जे१२.८२ आहे, पण तो एकटा नाही, आधी कोविडचा यू०७.१.