20 इंची युनिसायकल, दीड वर्ष वापरून: तिसऱ्या लेव्हलपर्यंत पैसे वसूल, पुढे पाय ठेवायला जागा नाही

आधीच सांगते, मी काही सर्कसवाली नाही. वय 41, दोन पोरांची आई, टोकियोत निशी-कासाईला राहतो आम्ही. लेकीच्या शाळेच्या मैदानात एका स्टँडवर ओळीनं लटकवलेली एकेक चाकं पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं मोडक्या सायकलींचे पार्ट ठेवलेत. मग मधल्या सुट्टीत बघते तर तिसरीतल्या मुली एकमेकींचे हात धरून त्यावर गोल गोल फिरतायत, वर गप्पाही चालू. इथे युनिसायकलला, म्हणजे एकचाकी सायकलला, इचिरिनशा म्हणतात, 1989 ला जो प्राथमिक शाळांचा नवा अभ्यासक्रम जाहीर झाला त्यात पीटीमध्ये ही आली, त्यामुळे आपल्याकडे दोरीच्या उड्या जशा तशी इथे ही, कुणाला काही विशेष वाटत नाही.

तर लेकीनं हट्ट धरला आणि आम्ही 20 इंची चाकाची घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोड्या शिव्या आहेत. दहा हजार येनच्या आत मिळाली. तिच्या उंचीला खरं तर 18 इंची लागली असती पण आपली सवय, वाढत्या अंगाची घेऊया. सीट अगदी तळाला नेली तरी तिला उंच व्हायची, टाचा तरंगायच्या, चार दिवसांत तिनं सोडून दिली आणि शाळेतलीच चालवायला लागली. आता एवढे पैसे घालून ती गॅलरीत उभी राहणार म्हणून मी बसले. एवढीच माझ्या युनिसायकलिंगची प्रेरणा.

सीटची उंची किती तर सायकल शेजारी उभी केली की सीट साधारण बेंबीपाशी यायला पाहिजे, आणि वर बसून पेडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ. लहान मुलांच्या हिशोबानं सीटखालची नळी आखूड देतात, मला पाच फूट एक इंचालाच ती कमी पडली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या आजोबांनी लांब नळी टाकून दिली. नळी मागवताना जाडी मोजा बरं का, 22.2, 25.4, 27.2 मिलिमीटर असे प्रकार असतात आणि अर्ध्या मिलिमीटरलाही बसत नाही.

जोडताना मी घोळ घातला तो पण सांगते. सीट उलटी बसवली. दिसायला पुढचं मागचं जवळपास सारखंच होतं, म्हणलं काय फरक पडतो, एकच तर चाक. पण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, सीट फिरली की डावं पेडल उजव्या पायाखाली येतं आणि चालवता चालवता दोन्ही पेडलं आपोआप उघडायला लागतात. दुसऱ्याच दिवशी एक पेडल निखळून बुटाबरोबरच आलं. क्रँकवर, म्हणजे पेडल ज्या दांडीला बसतं तिच्यावर, बारीक एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघा आधी.

आता शिकण्याचं. शाळेतली मुलं लोखंडी बार धरून शिकतात, मी पण संध्याकाळी बागेतले पुलअपचे बार धरून शिकले, सगळ्यात खालचा, पोरांचा. रोज अर्धा तास, तीन आठवडे. पहिले आठ-दहा दिवस काहीच होत नाही, खरंच काहीच नाही. यात फ्रीव्हील नसतं, चाक फिरलं की पेडल फिरणारच, त्यामुळे दोन्ही पेडलं वर-खाली उभ्या रेषेत आली की पायाला जोर लावायला जागाच राहत नाही आणि तिथेच पडायला होतं. उपाय एकच, थांबायचं नाही, अर्धा फेरा झाला की लगेच पुढचा. आणि वजन पेडलवर नाही, सीटवर टाकायचं. हे मला सगळ्यांनी सांगितलं, मी मान पण डोलवली, पण मांड्या भरून यायच्या बंद झाल्या तेव्हा कळलं की आता खरं बसलोय. नजर समोर. चाकाकडे बघितलं की गेलात.

इथून पुढे मी फेडरेशनच्या लेव्हल्स धरून गेले. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशनच्या कौशल्याच्या एकूण 10 लेव्हल्स आहेत आणि ह्या सायकलचा रिव्ह्यू त्या क्रमानंच करणं बरं, कारण सायकल चांगली की वाईट हे तुम्ही कुठल्या लेव्हलला आहात त्यावर आहे.

पहिली लेव्हल म्हणजे कशालाही न धरता चढायचं, 50 मीटर जायचं आणि व्यवस्थित उतरायचं, सायकल समोर हातात राहिली पाहिजे, पाठीमागे धाडकन नाही. 50 मीटर मला आधी जमले, चढणं दोन महिन्यांनी. आपल्याकडचं पेडल दाबलं की चाक मागे येतं आणि सरळ नडगीवर, म्हणून त्या पेडलवर पाय नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, सगळा भार सीटवर आणि दुसरा पाय पटकन वर. म्हणजे ज्या पायरीवर पाय ठेवलाय तिच्यावर उभं राहायचं नाही असा प्रकार. या काळात ह्या सायकलचे प्लास्टिकचे पेडल म्हणजे वरदान, दातेरी धातूचे असते तर माझ्या नडग्यांचा किस झाला असता. सीटच्या पुढे-मागे प्लास्टिकचे बंपर आहेत, शेकडो वेळा आपटूनही सीटचं कापड शाबूत. टायर फिकट रंगाचा, जिमच्या फरशीवर काळे पट्टे उमटत नाहीत. इथपर्यंत दहापैकी नऊ.

दुसरीत दोन्ही पायांनी चढता यायला हवं, 30 सेंटीमीटर अंतराच्या दोन रेषांमधून 10 मीटर सरळ, तीन मीटरपेक्षा लहान गोलांचा इंग्रजी आठ, आणि 15 सेंटीमीटरच्या पायरीवरून खाली. दुसऱ्या पायानं चढणं म्हणजे डाव्या हातानं सही करण्यासारखं, मेंदूला कळतं, पायाला कळत नाही. सायकलची काहीच तक्रार नाही. 125 मिलिमीटरचे क्रँक आहेत, वळायला कंट्रोल चांगला, वेग नाही पण इथे वेग कुणाला पाहिजे. नदीकाठानं अराकावाच्या बांधावर एकदा लांब न्यायचा प्रयत्न केला, पाय नुसते शिलाई मशीनसारखे आणि एक आजी चालत पुढे निघून गेल्या. लांब जायला 29 किंवा 36 इंची लागते, ते वेगळंच प्रकरण.

तिसरीपासून सायकल बोलायला लागली. यात आठ आणखी लहान होतो, दीड मीटरचे गोल, पोट सीटवर टेकवून चालवायचं (हे दिसतं अतिशय हास्यास्पद, बागेत लोक थांबून बघतात), आणि पाच उड्या. उड्या मारायला सीटचा पुढचा भाग हातानं वर ओढून धरावा लागतो, चांगल्या सीटला तिथे हँडल असतं, हिला फक्त तो बंपर, घामानं सटकतो. ते चाललं असतं. पण उड्यांच्या तिसऱ्या आठवड्यात डावीकडून टक टक यायला लागलं. मी म्हणलं पेडल असेल, आणि तसंच चार दिवस चालवलं, ही माझी चूक. क्रँक सैल झाला होता. ह्या स्वस्त सायकलींत क्रँक चौकोनी दांड्यावर बसवलेला असतो, सैल असताना चालवला की ते चौकोनी भोक आतून झिजून मोठं होतं आणि मग कितीही आवळा, तो परत ढिला होणारच. आजोबांनी बघितलं, जीभ टाळूला लावून सस्स आवाज काढला (जपानीत याचा अर्थ काम गेलं) आणि नवा क्रँक टाकला. आता मी दर रविवारी पान्यानं आवळते. ज्यांना उड्याच मारायच्यात, डोंगरात जायचंय, त्यांनी दातेरी दांड्याच्या हबवाली (हब म्हणजे चाकाच्या मधला भाग) घ्या, पैसे दुप्पट-तिप्पट पण ही कटकट नाही. दहापैकी सहा.

आणि चौथी. उलटं 10 मीटर, जागच्या जागी पुढे-मागे 25 वेळा, हे ह्या सायकलवर होतं, मला 25 पैकी 11 पर्यंत येतात, त्यात सायकलचा दोष नाही. पण एका पायानं 10 मीटर जायचं असतं तेव्हा दुसरा पाय ठेवतात कुठे, तर फ्रेमच्या खांद्यावर, म्हणजे चाकाच्या वर जिथे फोर्कचे दोन्ही पाय मिळतात तिथे. महागड्या सायकलींना तो खांदा सपाट असतो. हिचा गोल, उतरता. बूट सरळ घसरतो. पुढे सहाव्या लेव्हलला पेडल सोडून पायांनी चाकच ढकलत चालायचं असतं, वरच्या लेव्हल्समध्ये असले बरेच प्रकार, तिथे तो खांदा नसेल तर विषयच संपला. दुकानात हे कुणी सांगत नाही, खोक्यावर रंग आणि साईज एवढंच लिहिलेलं. चौथीसाठी दहापैकी तीन, तेही फक्त उलटं जाता येतं म्हणून.

लेकीची उंची आता बसतेय 20 इंचीला. परवा तिनं माझीवर एका पायानं प्रयत्न केला, दोनदा घसरली, उतरली, फ्रेमच्या खांद्यावर हात फिरवून म्हणाली, आई ही गोल आहे, शाळेतली अशी नाहीये. आता सपाट खांद्याची शोधतोय, यावेळी तिच्या आजच्या मापाची. ही माझ्याकडेच राहणार, विकायची नाहीये, इनबॉक्समध्ये किंमत विचारू नका.