बोको हरामचा उगम आणि उद्दिष्टे : सहा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

‘बोको हराम’ हे नाव नायजेरियातील या सशस्त्र जिहादी संघटनेने स्वतः घेतलेले नाही, या वाक्याने अभ्यासक्रम सुरू होतो, आणि ही सुरुवात मला योग्य वाटली. पाश्चात्त्य शिक्षण निषिद्ध आहे अशा अर्थाचे हे नाव ईशान्य नायजेरियातील मैदुगुरीच्या लोकांनी दिले. संघटना स्वतःला प्रेषितांच्या शिकवणुकीच्या प्रसाराला आणि जिहादला वाहिलेली जमात म्हणवते. शाळांचा द्वेष हा तिच्या विचारातील एक धागा आहे, परंतु मूळ आग्रह संविधान आणि निवडणुका यांवर उभे असलेले राज्यच नाकारण्याचा आहे. १९९९ नंतर उत्तरेकडील १२ राज्यांनी शरियत लागू करूनही संस्थापक मोहम्मद युसूफ याचे समाधान का झाले नाही, हे त्यामुळे नीट उलगडते. मात्र ‘बोको’ हा शब्द इंग्रजी ‘बुक’वरून आला, ही भाषातज्ज्ञांनी खोडून काढलेली व्युत्पत्ती येथे पुन्हा शिकवली जाते, उत्तर नायजेरियात बोलल्या जाणाऱ्या हौसा भाषेत त्याचा मूळ अर्थ फसवे, खोटे असा आहे.

पहिले दोन आठवडे सोकोतोची खिलाफत उभारणारी, धर्मगुरू उस्मान दान फोदियोची १८०४ मधील चळवळ, त्या खिलाफतीवरचा १९०३ मधील ब्रिटिश विजय आणि १९८० मध्ये कानो शहरात मैतत्सिने या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी केलेला उठाव यांना दिले आहेत. हा वेळ सत्कारणी लागला आहे, कारण त्याशिवाय २००२च्या सुमारास उभी राहिलेली ही संघटना आकाशातून पडल्यासारखी वाटली असती. सर्वांत उत्तम भाग २००९चा आहे. मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटवरून पेटलेला वाद, जुलैमधील उठाव आणि पोलिसांच्या ताब्यात असताना झालेली युसूफची हत्या हा क्रम शिक्षक सावकाश मांडतात, आणि राज्ययंत्रणेच्या या कृत्याने हिंसेला किती बळ मिळाले हे सांगताना संघटनेच्या क्रौर्यावर कुठेही पांघरूण घालत नाहीत.

पुढे मात्र घाई होते. युसूफनंतरचा म्होरक्या अबूबकर शेकाऊच्या काळात, २०१४ मध्ये, ईशान्य नायजेरियातील चिबोक गावाहून २७६ विद्यार्थिनींचे अपहरण झाले, त्यावर केवळ एक छोटे व्याख्यान आहे. २०१५ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’शी घेतलेली निष्ठेची शपथ आणि २०१६ मध्ये संघटनेत पडलेली फूट तर दहा मिनिटांत उरकली जाते. आपल्या बाजूने न येणारा मुसलमानही धर्मभ्रष्टच, ही शेकाऊची भूमिका या फुटीच्या मुळाशी होती. मशिदी आणि बाजार लक्ष्य का झाले, बळींमध्ये मुसलमान इतके का, याचे उत्तर तिथेच आहे. उद्दिष्टे समजून घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याला नेमके हेच हवे असते.

उपशीर्षकांत हौसा आणि कानुरी नावे ओळखू येणार नाहीत इतकी बिघडली आहेत. नकाशेही जुने आहेत: चाड सरोवर त्यांत १९६०च्या दशकाइतके विस्तीर्ण दिसते, आणि ते आटल्यामुळे उपजीविका गमावलेल्या मच्छीमार व शेतकरी कुटुंबांतील तरुणांविषयी सहाही आठवड्यांत एक वाक्य नाही.