मातीचा ट्रॅक की सिंथेटिक?

आम्हा नागपूरकरांना शर्यत म्हटली की शंकरपटच, म्हणजे बैलांची शर्यतच, आठवतो. तरी केंटकी डर्बी ही अमेरिकेतली घोड्यांची शर्यत आवर्जून बघणारे इथंही आहेत आणि 2008 ची ‘एट बेल्स’ ही घोडी आम्ही विसरू शकत नाही. दुसरी आली, रेषा ओलांडली आणि पुढचे दोन्ही घोटे मोडून कोसळली. ट्रॅकवरच तिला कायमचं झोपवावं लागलं. एकच पाय मोडला तरी सुमारे पाचशे किलोचं जनावर तीन पायांवर फार काळ तग धरत नाही. जास्तीच्या भाराने धडधाकट पायाचा खूरही आतून सुटू लागतो.

ती मातीवर धावली होती. वाळू, रबर, धागे आणि मेण कालवलेला सिंथेटिक ट्रॅक पावसातही बराचसा एकसारखा राहतो. अमेरिकेची 2023 ची आकडेवारी बघा: दर हजार धावांमागे मातीवर 1.43 घोडे दगावले, सिंथेटिकवर 0.97. गवताचा ट्रॅक मधे, 1.13.

तरी कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सने पाण्याचा निचरा नीट होईना म्हणून कंटाळून 2010 मध्ये सिंथेटिक उखडलं, माती परत आणली. 2019 मध्ये तिथं लागोपाठ घोडे मेले, तेव्हा मात्र सगळे हादरले.

माझं मत सिंथेटिकलाच. पण हाडाला बारीक तडा बहुतेकदा शर्यतीआधीच गेलेला असतो, म्हणून पशुवैद्याची कडक तपासणी दोन्हीकडे हवीच.