दमा असताना दिवस राहिले तेव्हा घेतलेला स्पेसर आणि पीक फ्लो मीटर, वर्षभर वापरून मग लिहितेय

मला दमा शाळेत असल्यापासून आहे, माहेर अमळनेर आणि सासर नंदुरबार, आणि नंदुरबारची मिरची ज्याला माहितीये त्याला पुढचं सांगायलाच नको. थंडीत पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळायला पसरतात ना, वारा आमच्या बाजूला फिरला की घरात बसल्या बसल्या ठसका लागतो. लग्नानंतर पहिली दोन वर्षं कसंबसं निभावलं, रोजचा स्टिरॉइडवाला पंप (इन्हेलर) आणि धाप लागली तर निळा पंप, एवढंच.

मग दिवस राहिले आणि मी एक मोठी चूक केली. सासूबाई काळजीनेच म्हणाल्या, "पोटमा पोर शे, पंप कशाले घेस?" आणि एका मेडिकलवाल्यानेही स्टिरॉइड म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, मग मी कोणत्याच डॉक्टरला न विचारता रोजचा पंप बंद करून टाकला. पाचव्या महिन्यात एका रात्री छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या, वाक्य पूर्ण बोलता येईना, निळ्या पंपाने पण उतार पडेना, तशीच गाडीत घालून धुळ्याला नेलं. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिलं, इंजेक्शन दिलं. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून सांगितलं की पंपातलं औषध मुख्यतः फुफ्फुसातच काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं, आणि ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड तर गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरून पाहिलेलं औषध आहे. खरा धोका पंप बंद केल्याने होतो, आईला श्वास पुरला नाही तर बाळाला ऑक्सिजन कुठून पुरणार, दमा हाताबाहेर गेला की बाळ कमी वजनाचं होणं, लवकर जन्मणं, आईचं बीपी वाढणं याची शक्यता वाढते. त्यांनीच या दोन वस्तू लिहून दिल्या, जळगावच्या मेडिकलमधून आणल्या, दोन्ही मिळून हजाराच्या आसपास पडल्या.

आधी स्पेसर. पारदर्शक प्लास्टिकचं नळकांडं, एका टोकाला पंप बसतो, दुसरं टोक तोंडात धरायचं. इतकी वर्षं मी पंप थेट तोंडात मारत होते आणि निम्मं औषध घशालाच चिकटत होतं हे मला तिशीत कळलं. आता पंप हलवायचा, एकच दाब द्यायचा, सावकाश खोल श्वास घेऊन दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा, धाप असेल आणि रोखता येत नसेल तर त्यातूनच पाच-सहा साधे श्वास घ्यायचे. दुसरा डोस हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून परत हलवायचा, दोन दाब एकदम द्यायचे नाहीत. रोजच्या पंपानंतर चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात पांढरं येतं. घशाची खवखव पंधरा दिवसांत गेली माझी. धुताना साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा, फडक्याने आतून पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं. तक्रार एवढीच की पर्समध्ये मावत नाही आणि माहितीचा कागद सगळा इंग्रजीत, आमच्याकडच्या बाईने तो वाचायचा कसा? मी मराठीत लिहून डबीला चिकटवलाय.

पण खरा उपयोग झाला मीटरचा, म्हणजे फुंकलेली हवा किती जोरात बाहेर पडते ते आकड्यात दाखवणाऱ्या नळीचा. गरोदरपणात धाप बऱ्याच जणींना लागते, जिना चढला की लागते, नणंद म्हणायची मला पण लागायची, आणि ते खरंच आहे, त्यात दमा नसलेल्या बायका पण आल्या. मग माझी धाप पोटाची की दम्याची हे कळणार कसं? तर या मीटरचा आकडा गरोदरपणामुळे फारसा उतरत नाही, उतरला तर दमा समजायचा. उभं राहून काटा शून्यावर आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात फुंकायचं, तीनदा, त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा, सकाळी आणि संध्याकाळी. माझा चांगल्या दिवसाचा ३८०. डॉक्टरांनी ८० टक्के म्हणजे साधारण ३०० च्या वर हिरवं, त्याखाली पिवळं आणि निम्म्याखाली म्हणजे १९० खाली लाल असं पट्ट्या लावून दिलं. पिवळ्यात काय घ्यायचं ते लिहून दिलेलं होतं, लाल म्हणजे निळा पंप घेत घेतच दवाखाना. बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९५ च्या खाली दिसला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तरी वाट न बघता दवाखान्यात जायचं.

जानेवारीत एक दिवस मला काहीच त्रास वाटत नव्हता आणि आकडा २५० आला. परत फुंकलं, २५५. फोन केला, औषध वाढवलं, चार दिवसांत ३५० वर आले. मीटर नसता तर मी परत कुठल्यातरी रात्री धुळ्याच्या रस्त्यावर असते. तसंही सहाव्या महिन्यापासून आठव्यापर्यंत जास्त जपायला सांगितलं होतं मला, शेवटच्या महिन्यात बऱ्याच जणींना बरं वाटतं म्हणे, मला वाटलं खरं. मीटरची एक खोट आहे, काटा धूळ बसली की अडकतो, घेताना दुकानातच दोनदा सरकवून बघा.

बाळंतपणाला जाताना फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दमा लिहून घेतलं होतं, कारण बाळंतपणानंतर रक्त थांबवायला देतात त्यातलं कार्बोप्रॉस्ट इंजेक्शन दम्यावाल्या बाईला टाळतात. दोन्ही वस्तू पिशवीत होत्या. मार्चमध्ये अमळनेरला मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. अंगावर पाजतेय आणि पंप चालू आहे, तो पण डॉक्टरांना विचारूनच. स्पेसरला पाचपैकी चार, मीटरला पाच. हल्ली सासूबाईच सकाळी विचारतात, आज आकडा कितला उना?