साइडवेज की अ गुड इयर?

वाइनच्या मळ्यातली प्रेमकथा बघायची म्हटली की दोन नावं हमखास निघतात: अलेक्झांडर पेन यांचा ‘साइडवेज’ (२००४) आणि रिडली स्कॉट यांचा ‘अ गुड इयर’ (२००६).

दुसऱ्याचं आधी उरकू. लंडनचा पैशामागे लागलेला ट्रेडर (रसेल क्रो) काकांचा फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचा मळा विकायला येतो आणि तिथलाच होऊन जातो. ऊन सोनेरी, वाडा देखणा, नायिका मारियाँ कोतियार तर आहेच. पण पुढचं सगळं आधीच कळतं.

‘साइडवेज’ कॅलिफोर्नियातल्या सांता इनेझ खोऱ्यात घडतो. माइल्स (पॉल जियामाटी) घटस्फोटित, पुस्तक छापून न येणारा लेखक, मर्लो या द्राक्षाच्या वाइनचं नाव काढलं की भडकणारा. रात्री तो माया या वेट्रेसला पिनो न्वार या त्याच्या लाडक्या द्राक्षाबद्दल सांगतो: साल पातळ, नखरे फार, सतत जपावं लागतं. बोलतोय स्वतःबद्दलच, हे आपल्यालाही कळतं. जिवापाड जपलेली १९६१ची शव्हाल ब्लाँ ही नामी फ्रेंच वाइन तो शेवटी बर्गरच्या दुकानात, साध्या कपातून, एकटाच संपवतो. गंमत म्हणजे तिच्यात मर्लो असतेच!

माझं मत ‘साइडवेज’ला. मात्र आईबाबा सोबत असतील तर ‘अ गुड इयर’ लावा. ‘साइडवेज’मध्ये एक नागडा नवरा गाडीमागे धावतो.